सहा हजारवाली घेऊ का छप्पन्नशेवाली?

शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजला की समजावं, गावाकडून आहे. पुण्यात विकांताला साडेसातला फोन करायची कुणाची हिंमत नाही. :) फोन मावसभावाचा होता, वडशाहून.

"दादा, झोपला होता का? ऐक ना. सहा हजारवाली घेऊ का छप्पन्नशेवाली?"

अर्धवट झोपेत मला वाटलं हा मोबाईलबद्दल विचारतोय. मग लक्षात आलं, रॅम!

थोडी पार्श्वभूमी. वडसा म्हणजे देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्यातलं, गोंदिया ते चांदा फोर्ट लाईनवरचं गाव. आजूबाजूला सगळा धानाचा पट्टा. मावसभाऊ चंद्रपुरात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याच्या डोक्यात सध्या क्लाऊड बसलाय. लिनक्स शिकायचं, कुबरनेटिस शिकायचं, म्हणजे घरातल्याच एका डब्यात तीन-चार आभासी मशीन एकाच वेळी चालवायच्या. लॅपटॉपवर भागत नाही. मावशीने यंदाच्या धानाचे चुकारे आल्यावर त्यातला एक हिस्सा बाजूला काढून ठेवला होता, 'पोराच्या कंप्युटरचा' म्हणून. आणि नेमके २०२५ च्या शेवटी मेमरीचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटर्सनी जगातली मेमरी उचलायला सुरुवात केली आणि त्याचा चटका थेट वडशापर्यंत पोचला. (भाव इथे लिहीत नाही. लिहून तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर बदललेले असतात.)

दुकानदाराने त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवले होते. एक, ६००० ची, सीएल ३० ची, रंगीत दिवे लागणारी ३२ जीबी. दुसरी, साधी हिरव्या पाटीची ५६०० ची, सीएल ४६, पण तेवढ्याच्या आसपास थोडे पैसे टाकले की ४८ जीबी. "दुकानवाला म्हणते सहा हजारवालीच घे, स्पीड महत्त्वाची राहते. मले समजून नाही राहिलं."

मी डोळे चोळत सांगून टाकलं, छप्पन्नशेवाली घे, जीबी जास्त घे. त्यावर त्याने विचारलं, "काऊन?"

आता या 'काऊन'चं धड उत्तर मला फोनवर देता येईना. मग दोन दिवस जुनं-पुराणं वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते आज लिहितोय, त्याच्यासाठी आणि ज्यांना कंपनीचा लॅपटॉप पुरत नाही म्हणून घरी डबा जोडायचाय त्या सगळ्यांसाठी.

सुरुवात माझ्याच घरापासून करतो. २००८ च्या आसपास, मी शाळेत असताना, चंद्रपूरच्या आमच्या घरी एक पेंटियम ४ होता. बाबांनी कुणाकडून तरी वापरलेला घेतलेला. त्यात २५६ एमबीची एक पट्टी, डीडीआर ४००. विंडोज एक्सपी उघडायला पाच मिनिटं, वर्ड उघडायला अजून दोन, आणि गाणं लावून वर्ड उघडलं तर संपलंच! डब्यावरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा पेटायचा तो विझायचाच नाही. आतून घर्रर्र, घर्रर्र आवाज. मला वाटायचं मशीन विचार करतंय.

मग बाबांच्या ओळखीतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी त्यात अजून एक २५६ ची पट्टी टाकली. जुनी, कुठल्या तरी मेलेल्या कंप्युटरमधली, आणि ती होती डीडीआर ३३३. दोन वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्या की दोघी हळू असणारीच्या चालीने चालतात. म्हणजे काकांनी खरं तर आमच्या मेमरीचा वेग कमी केला होता, ४०० वरून ३३३ वर. आणि मशीन? सुसाट! लाल दिवा विझला. गाणं लावून वर्ड उघडायला लागलं. शेजारच्या पोराला बोलावून दाखवलं होतं मी.

वेग कमी झाला आणि मशीन पळायला लागलं, हे कोडं तेव्हा पडलंच नाही. कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या तासाला पडलं. आणि या दोन दिवसांत वाचताना कळलं की हे कोडं माझ्या बाबांच्या लग्नाच्याही आधी सुटलेलं आहे.

आपल्या महाराष्ट्रातूनच सुरू करू. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे टीआयएफआरमध्ये, १९५५ च्या सुमारास काही तरुण मंडळींनी स्वतः संगणक बांधायला घेतला. आर. नरसिंहन हे त्यांचे प्रमुख. आधी एक छोटं नमुना यंत्र केलं, मग १९६० मध्ये पूर्ण यंत्र उभं राहिलं आणि १९६२ मध्ये नेहरूंच्या हस्ते त्याचं नाव ठेवलं गेलं, टिफरॅक. त्यात २७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. मेमरी फेराइट कोअरची, म्हणजे मण्यांसारख्या बारीक चुंबकी कड्या तारांच्या जाळीत ओवलेल्या. एक कडी, एक बिट. एकूण २०४८ शब्द, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार करून बघा, १० केबी भरते. माझ्या या लेखाची फाईल त्यात मावली नसती.

या कोअर मेमरीची एक गंमत आहे, जी चंद्रपूरच्या माणसाला लगेच भिडेल. लाईन गेली तरी तिच्यातलं पुसलं जायचं नाही. चुंबक आहे, तो कुठे जाणार? आज आपण वापरतो ती डायनॅमिक रॅम, जिचं पेटंट आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये मिळालं, ती गळक्या माठासारखी आहे. प्रत्येक बिट एका चिमुकल्या कपॅसिटरमध्ये, आणि तो सतत गळतो. म्हणून दर काही मिलिसेकंदांनी सगळे माठ पुन्हा भरावे लागतात. लाईन गेली की खलास. शेजारी एवढं मोठं औष्णिक वीज केंद्र असूनही भारनियमनाच्या त्या वर्षांत आमच्याकडे रोज ठरल्या वेळी लाईन जायची, आणि सेव्ह न केलेलं सगळं जायचं. चंद्रपूरच्या राखेने खिडक्या काळ्या होणार आणि वीज जाणार मुंबईला, हा आमच्या घरचा जेवतानाचा ठरलेला विषय. असो. विषयांतर झालं.

टिफरॅकची दमछाक लवकरच झाली. १९६४ मध्ये टीआयएफआरने अमेरिकेहून सीडीसी ३६०० आणला. मेमरी ३२ हजार शब्दांची, ४८ बिटांचा शब्द, म्हणजे सुमारे १९२ केबी. एकदा वाचायला दीड मायक्रोसेकंद. देशभरातले संशोधक आपापले प्रोग्राम पंच कार्डांवर घेऊन किंवा पाठवून तिथे रांगेत उभे राहायचे. एका वेळी एकाचं काम, ते संपलं की पुढच्याचं. कार्डात एक स्वल्पविराम चुकला की परत रांगेच्या शेवटी! आपल्याला बिल्डला चार मिनिटं लागली तर आपण ट्विट करतो.

ही रांग जगभर सगळ्यांनाच छळत होती, आणि त्या त्रासातूनच व्हर्चुअलायझेशन जन्माला आलं. केंब्रिजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या, आयबीएमच्या एका केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि मंडळींनी सिस्टिम ३६०/४० या मशीनमध्ये थोडे बदल करून त्यावर सीपी-४० नावाची प्रणाली लिहिली. जानेवारी १९६७ मध्ये ती रोजच्या वापरात आली. तिची करामत अशी, की एका खऱ्या मशीनवर १४ आभासी मशीन. प्रत्येकाला वाटायचं की २५६ केबीचा अख्खा कंप्युटर माझ्या एकट्याचा आहे. आणि खऱ्या मशीनमध्ये मेमरी किती? तीच, २५६ केबी. चौदा भाडेकरूंना एकच खोली दाखवून प्रत्येकाला सांगायचं, ही तुझी. जो आत्ता खोलीत नाही त्याचं सामान बाहेर ड्रमवर नाहीतर डिस्कवर ठेवायचं, तो आला की पुन्हा आत आणायचं.

आज मावसभाऊ वडशात जे करू पाहतोय ते हेच आहे. मधे साठ वर्षं गेली एवढंच.

पण त्या काळात हे तंत्र जसजसं पसरलं तसं एक विचित्र आजारपण दिसायला लागलं. वापरणारे वाढत गेले की मशीन हळूहळू मंद व्हायला हवं ना? तसं होत नव्हतं. बरेच वेळ सगळं ठीक चालायचं आणि मग अजून एक प्रोग्राम आत घेतला की अचानक सगळं ठप्प. प्रोसेसर रिकामा बसलेला आणि डिस्क मात्र वेड्यासारखी फिरतेय. पीटर डेनिंग नावाच्या, एमआयटीतून नुकत्याच पीएचडी झालेल्या माणसाने १९६८ मध्ये याचं निदान केलं. त्याने याला थ्रॅशिंग म्हटलं. प्रत्येक प्रोग्रामला कुठल्याही क्षणी मेमरीची जी पानं खरोखर हाताशी लागतात, तो त्याचा वर्किंग सेट. सगळ्यांचे वर्किंग सेट मिळून खऱ्या मेमरीत मावतात तोवर मजा आहे. एका पानानेही ओलांडलं की एकाचं पान आत आणायला दुसऱ्याचं बाहेर काढायचं, दुसऱ्याला लगेच तेच हवं, मग तिसऱ्याचं बाहेर... सगळा वेळ सामान हलवण्यात.

आमच्या घरातला तो लाल दिवा! घर्रर्र आवाज! मशीन विचार करत नव्हतं, सामान हलवत होतं. काकांनी २५६ ची म्हातारी पट्टी लावली तेव्हा वर्किंग सेट मावला, बस.

हे उतरणीवरून गाडी सुटण्यासारखं नाही, कड्यावरून पडण्यासारखं आहे. वेगवान पट्टी घेतली तर कामं पाच-सात टक्के लवकर होतील. मेमरी पुरली नाही तर कामं पाच-सात टक्के उशिरा होत नाहीत, डिस्कवर जातात, आणि आजची चांगली एनव्हीएमई डिस्कसुद्धा रॅमच्या मानाने शेकडो पटींनी लांब आहे. पूर्वीची फिरती डिस्क तर लाखभर पट लांब होती. तुलनाच एका मापाची नाही.

मग वेगाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण दुकानात जो आकडा दाखवतात तो आणि आपल्याला हवा तो वेग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही भानगड थोडी निवांत सांगतो.

आमचा गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच वर्षी इंटेलचा ८०२८६ आला. (या दोन घटनांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, मला तारीख लक्षात राहायला बरं पडतं.) सहा मेगाहर्ट्झचा २८६, म्हणजे त्याचा एक ठोका १६७ नॅनोसेकंदांचा. तेव्हाच्या रॅमला एक गोष्ट शोधून द्यायला साधारण तेवढाच वेळ लागायचा. प्रोसेसर आणि मेमरी खांद्याला खांदा लावून चालायचे. आज पाच गिगाहर्ट्झचा ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा. आणि प्रोसेसरने मागितलेली गोष्ट रॅममधून परत यायला सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद. म्हणजे साडेतीनशे-चारशे ठोके हा गडी दारात उभा! १९९५ मध्ये वुल्फ आणि मॅकी या दोघांनी एका छोट्याशा लेखात हे होणार म्हणून सांगून ठेवलं होतं आणि त्याला 'मेमरी वॉल', मेमरीची भिंत, असं नाव दिलं होतं. कॅश मोठ्या होत गेल्या त्या याच भिंतीपायी.

आता पट्ट्यांचे आकडे बघू. साल २००० मध्ये डीडीआरचं मानक ठरलं, २००३ मध्ये डीडीआर २, २००७ मध्ये ३, २०१२ मध्ये ४, २०२० मध्ये ५. साध्या पीसी १३३ एसडीरॅमची पट्टी सेकंदाला जेमतेम एक जीबी द्यायची. डीडीआर ४०० ने ३.२ केली, मग ६.४, १२.८, २५.६, आणि मावसभावाची सहा हजारवाली देते ४८. वीस-पंचवीस वर्षांत पंचेचाळीस पट. वा!

पण थांबा. पहिला दाणा हातात पडायला किती वेळ लागतो ते बघा. सूत्र सोपं आहे, सीएलच्या आकड्याला २००० ने गुणायचं आणि पट्टीच्या वेगाने भागायचं, उत्तर नॅनोसेकंदांत. २००३ ची डीडीआर ४००, सीएल ३, उत्तर १५. डीडीआर २ ची ८००, सीएल ५, उत्तर १२.५. डीडीआर ३ ची १६००, सीएल ११, उत्तर १३.७५. डीडीआर ४ ची ३२००, सीएल २२, पुन्हा १३.७५. आणि आजची साधी ५६००, सीएल ४६? १६.४! शाळेतल्या त्या पेंटियमच्या पट्टीपेक्षा जास्त. मी हे दोनदा तपासलं.

असं का? कोळशाच्या उदाहरणाने सांगतो, आम्हाला तेच सुचणार. समजा खाणीतून कोळसा वर येण्याचा वेग ठरलेला आहे, तो काही केल्या वाढत नाही. पण सायडिंगवर पूर्वी एका खेपेला एक डबा भरायचे, आता दोन, मग चार, मग आठ, मग सोळा. दिवसाला केंद्रात पोचणारा कोळसा वाढत गेला. पण फोन करून 'आत्ताच्या आत्ता एक टोपली पाठवा' म्हणालात तर ती टोपली तेवढ्याच वेळात येणार. डीडीआरच्या प्रत्येक पिढीने हेच केलं. एसडीरॅम एका वेळी एक घास काढायची, डीडीआर दोन, डीडीआर २ चार, डीडीआर ३ आणि ४ आठ, डीडीआर ५ सोळा. आतली खाण तीच.

(आणि हो, ६००० हे मेगाहर्ट्झ नव्हेत. घड्याळ ३००० वर चालतं, प्रत्येक ठोक्याला दोनदा माल उतरतो. दुकानदाराशी यावरून वाद घालू नका, मी घातलाय, उपयोग नसतो.)

आता आपल्या कामाला काय लागतं? व्हिडिओ किंवा मोठाली मॅट्रिक्स गणितं असतील तर मालगाडी हवी. पण कोड कंपाईल करणं म्हणजे हजार ठिकाणहून एकेक टोपली मागवणं. त्यातल्या बहुतेक मागण्या कॅशमध्येच भागतात, उरलेल्या त्या सत्तर-ऐंशी नॅनोसेकंदांत. सीएल ३० ची सहा हजारवाली १० नॅनोसेकंद घेते, आमची साधी १६.४. फरक साडेसहाचा, आणि आत नवी रांग उघडायची असेल तर त्याच्या साधारण दुप्पट. खोटं कशाला बोलू, फरक आहे. ज्याला पैशाची चिंता नाही त्याने जरूर घ्यावी.

व्हर्चुअल मशीनमध्ये हा फरक थोडा जास्त टोचतो, तेही सांगायला हवं. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर व्हर्चुअलायझेशन मुळात अवघडच मानलं जायचं. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये ते सॉफ्टवेअरच्या कसरतीने जमवून दाखवलं. २००५-०६ मध्ये प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय आली, २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम आलं. त्याच सुमारास दुहेरी पत्ते शोधायचं काम हार्डवेअरकडे गेलं. पाहुणी ऑपरेटिंग सिस्टिम तिच्या नकाशात पत्ता शोधते, पण तो नकाशाच मुळात आभासी, म्हणून प्रत्येक पायरीला यजमानाचाही नकाशा उघडायचा. साध्या मशीनवर चार ठिकाणी विचारून जे काम होतं त्याला इथे अगदी वाईट वेळी २४ ठिकाणी विचारावं लागतं. म्हणून पट्टीच्या नॅनोसेकंदांना इथे किंमत आहे. पण यावर फुकटचा उपायही आहे, मोठी पानं. चार केबीऐवजी दोन एमबीची पानं वापरायला सांगा, विचारपूस कितीतरी कमी होते. आणि मोठी पानं सुखाने वापरायची तर मोकळी मेमरी लागते. फिरून परत जीबीवरच आलो!

आकड्याच्या मागे लागून मोठमोठे कसे आपटले याची एक गोष्ट मला फार आवडते. १९९९-२००० मध्ये इंटेलने ठरवलं की पुढचं युग रॅमबसच्या मेमरीचं. कागदावर आकडे झकास. पण पट्ट्या महाग, तापायच्या भरपूर, आणि रिकामा स्लॉट रिकामा ठेवायचा नाही, तिथे एक डमी पट्टी लावायची. गिऱ्हाईक स्वस्त एसडीरॅम मागत होतं म्हणून मधे एक अनुवादक चिप घातली, तर तिच्यात दोष निघाला आणि मे २००० मध्ये इंटेलला मदरबोर्ड परत बोलवावे लागले. पेंटियम ४ आधी रॅमबससोबतच आला, पण २००१-०२ मध्ये इंटेल गुपचूप एसडीरॅम आणि मग डीडीआरवर आलं. म्हणून तर आमच्या घरच्या पेंटियम ४ मध्ये डीडीआर होती, आणि म्हणून तर काकांना मेलेल्या मशीनची पट्टी सापडली. रॅमबस असती तर आम्ही लाल दिवा बघत बसलो असतो.

आता माझं पाप सांगतो.

२०२० च्या टाळेबंदीत नुकतीच नोकरी लागलेली, पण हजर व्हायचं ते चंद्रपूरच्या घरून. पहिल्या पगारांतून एक डबा जोडला. डीडीआर ४, ३६०० च्या दोन पट्ट्या, आणि महिन्याभराने अजून दोन, दुसऱ्या कंपनीच्या. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केलं, म्हणजे पट्टीवर छापलेला वेग. चार पट्ट्या, चारही स्लॉट, ३६००. मला काय अभिमान! मे महिना, बाहेर सेहेचाळीस, खोलीत वाळ्याच्या कुलरचा दमट वारा.

आधी कंपाईल करताना मधेच जीसीसी मरायला लागला. सिग्नल ११. पुन्हा चालवला की नीट. लिनक्सवाल्यांना १९९० च्या दशकापासून ही खूण माहीत आहे, त्याच कोडवर कंपाईलर कधी मरतो, कधी मरत नाही, तर कोडकडे बघू नका, रॅमकडे बघा. मला माहीत नव्हतं. मी माझ्या कोडमध्ये तीन दिवस चूक शोधली. मग एका व्हर्चुअल मशीनच्या डिस्कची फाईलच बिघडली, त्यातला डेटाबेस उघडेना. बॅकअप घेतला होता, पण तोही त्याच मशीनवर, त्याच रॅममधून गेलेला. अर्धा गेला. दोन आठवड्यांचं काम, आणि नोकरीतला माझा दुसराच महिना. टीम लीडला फोनवर काय सांगितलं ते लिहीत नाही.

मेमटेस्ट लावली तर पंधरा मिनिटांत स्क्रीन लाल. वेग २६६६ वर आणला, एकही चूक नाही.

मी खूप दिवस चंद्रपूरच्या उन्हाला शिव्या दिल्या. थोडं तथ्य आहे. ते गळके माठ गरमीत जास्त गळतात, म्हणून चिप ८५ अंशांच्या वर गेली की दुप्पट वेळा भरायचे असा मानकातच नियम आहे. पण गूगलच्या सर्व्हर्सचा २००९ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, त्यात दरवर्षी आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये चुका सापडल्या आणि त्यात तापमानाचा वाटा अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला. तेव्हा उन्हाला माफ करायला हवं. छापील वेग हा कारखान्याचा मानक वेग नसतो, एक्सएमपी किंवा एएमडीचं एक्स्पो म्हणजे मुळात ओव्हरक्लॉकिंगच. त्यात चार पट्ट्या म्हणजे मेमरी कंट्रोलरवर दुप्पट ओझं. एएमडीच्या रायझन ९००० मालिकेचा अधिकृत आकडाच बघा, दोन पट्ट्यांना ५६००, आणि चार लावल्या तर थेट ३६००. हे दुकानात कोणी सांगत नाही, डब्यावरही लिहिलेलं नसतं.

तर सोमवारी रात्री मीच वडशाला फोन लावला. म्हटलं, कागद-पेन घे, डेनिंगचा हिशेब करू.

"तीन लिनक्स मशीन, चार-चार जीबी."

"बारा."

"विंडोजचं एक."

"आठ. वीस झाले."

"ब्राउझर आणि एडिटर? खरं सांग, किती टॅब असतात?"

"...आठ धर."

"आणि खालच्या लिनक्सला चार."

"बत्तीस. म्हणजे बत्तीसमध्ये बसते ना दादा!"

"काठोकाठ बसते. एक टॅब उघडला की कड्यावरून खाली."

थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "मंग दिवेवाली नाही घेत." त्याच्या यादीत एक ग्राफिक्स कार्डही होतं. त्याच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आधीच आहे आणि गेम खेळायला वेळ नाही असं तो स्वतःच सांगतो, म्हणून ते काढायला लावलं. त्या पैशात बसल्या २४ च्या दोन पट्ट्या, ५६००, साध्या. दोनच. चार स्लॉटपैकी दोन रिकामे ठेवायचे, आणि उद्या मोह झाला तरी दुसऱ्या कंपनीच्या पट्ट्या त्यात घालायच्या नाहीत, हे शपथेवर कबूल करून घेतलं.

नागपूरहून पार्सल आलं त्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. मावशीने पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "अरे बापा, एवढीशी? आन इतके पैसे? इतक्यात त मोटर पंप आला असता!"

मावसभावाने रात्री झोपताना मेमटेस्ट लावली. मी सांगितलं होतं, चार फेऱ्या पूर्ण होईपर्यंत काही इन्स्टॉल करायचं नाही. सकाळी मेसेज आला. तिसरी फेरी चालू असताना पहाटे लाईन गेली. परत पहिल्यापासून लावलीये.